मातीला पाय न लागलेली कोंबडी

१३ ऑगस्ट, रविवार

निवृत्तीनंतर दैनंदिनी लिहिण्याचा माझा परिपाठ सुटला होता. आजपासून तो पुन्हा सुरू करीत आहे. संध्याकाळी दिवसभराचा वृत्तान्त मी जिला सांगत असे ती माझी पत्नी, रेमेदियोस, गेल्या महिन्याच्या अखेरीस निवर्तली. कागदाला सांगणे हा त्यावरचा उपाय नव्हे, हे मी जाणतो; परंतु सवय मोडण्यापेक्षा ती दुसरीकडे वळवणे सोपे जाते.

घरात आता आम्ही दोघे उरलो आहोत: मी आणि माझ्या सासूबाई, इनांग सिप्रियाना. त्यांचे वय शहाऐंशी. त्या आमच्याकडे राहायला आल्यापासून आम्हां दोघांत जे काही संभाषण होई, ते रेमेदियोसच्या मध्यस्थीने होई. "आईला विचार, खिडकी लावू का," असे मी म्हणत असे, आणि इनांग शेजारच्याच खुर्चीतून "त्याला सांग, लाव," असे उत्तर देत. आता मध्यस्थ नाही. खिडकी त्या दिवसापासून अर्धवट उघडी आहे.

चर्चमधल्या मिस्साहून परतताना कोपऱ्यावरच्या कादियोच्या गाडीवरून एक लेचोन मानोक घेतली. रेमेदियोस दर रविवारी एक आणीत असे आणि कोळशावर भाजलेल्या त्या एका कोंबडीवर बुधवारपर्यंत घर चालवीत असे. ते कसे, याची मी कधी चौकशी केली नाही.

"इंजिनियर, तोडून देऊ की अख्खी?" कादियोने विचारले.

"नेहमी देता तशी."

"मादाम अख्खी न्यायच्या. म्हणायच्या, तुझ्या सुऱ्यावर माझा भरवसा नाही, कादियो, तू हाडांचा भुगा करतोस."

"मग अख्खी द्या."

"आणि पोटातला गवती चहा? काढू की राहू दे?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. "राहू दे," असे मी म्हणालो. कलेजीच्या चटणीची एक पुडी मिळते, तिथे त्याने दोन घातल्या. मग सळी फिरवायचे थांबवून त्याने विचारले, "घरी सगळं ठीक ना? इनांग बऱ्या आहेत?" मी होकार दिला. त्याच्या चेहऱ्यावरून त्याचे समाधान झाले असावे असे वाटले नाही.

इनांग जेवणाच्या टेबलापर्यंत आल्या, पिशवीकडे पाहिले, कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली, आणि आपली भाताची वाटी घेऊन खोलीत परतल्या. भातावर काळी कॉफी ओतून त्या तेवढेच जेवल्या. त्यांचा माझ्यावर राग आहे हे उघड आहे. कारण मला समजलेले नाही.

कोंबडी तीन चतुर्थांश उरली. एका माणसास एक कोंबडी हे प्रमाण चुकीचे आहे.

१६ ऑगस्ट, बुधवार

शीतपेटीत ठेवलेल्या कोंबडीची कातडी दुसऱ्या दिवशी ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. सोमवारी व मंगळवारी मी ती तशीच खाल्ली. आज कादियोला कृती विचारली. त्याने सांगितली ती अशी: उरलेले तुकडे पातेल्यात घालावेत, वर नारळाचा शिरका, लसूण, तमालपत्र, मिरे आणि ती कलेजीची चटणी, मग शिजू द्यावे. याला पाकसिव म्हणतात. या कृतीत "मग" या शब्दाचा अर्थ स्पष्ट केलेला नव्हता. मी ढवळू लागलो.

"ढवळू नकोस!"

इनांगच्या खोलीचे दार बंद होते. "मला म्हणालात?" मी विचारले.

"घरात दुसरं कोण आहे ढवळायला? उकळी फुटेपर्यंत शिरक्याला हात लावायचा नसतो. कच्चा राहतो तो."

"मी ढवळतो आहे हे आपणांस कसे कळले?"

"वास बदलला की! नाक आहे अजून मला."

मी चमचा बाजूला ठेवला. थोड्या वेळाने दाराआडून पुन्हा आवाज आला. "मीठ?"

"घातलेले नाही."

"मग घाल की. ते पण सांगावं लागणारे का?"

पाकसिव खाण्याजोगी झाली. मी इनांगना बोलावले. "कोंबडीच ना ती?" त्या म्हणाल्या. "मी नाही खाणार." पुन्हा कॉफी आणि भात. रेमेदियोस गेल्यापासून त्या माझ्याशी इतके प्रथमच बोलल्या, ही नोंद केली पाहिजे.

२१ ऑगस्ट, सोमवार

दावावहून आउरियाचा दूरध्वनी आला. आमच्या या एकुलत्या मुलीला आठवा महिना चालू आहे. दोन वर्षांपूर्वीचे तिचे मूल पाचव्या महिन्यातच गेले. म्हणून या खेपेस डॉक्टरांनी तिला विमानप्रवासाची परवानगी दिली नाही, आणि आईच्या अंत्यविधीस ती येऊ शकली नाही.

"ताताय, लोला तुम्हाला काही बोलली का?" आजीला ती लोला म्हणते.

"मिठाविषयी बोलल्या."

"अहो, तसं नाही. काल मला तारीख विचारत होती. म्हटलं, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. तर म्हणाली, 'बरं, त्याच्या आधी होऊन जाईल, तू निर्धास्त राहा.' काय होऊन जाईल?"

मी म्हणालो की बहुधा चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना; ती आठ सप्टेंबरला आहे. या उत्तराने तिचे समाधान झाले. माझेही झाले.

"तुम्ही जेवताय ना नीट?"

"नियमितपणे."

"काय जेवताय?"

"कोंबडी."

"रोज?"

"ती संपेपर्यंत."

२४ ऑगस्ट, गुरुवार

इनांगचा झगा खांद्यावरून घसरतो. आज त्यांना डॉक्टरांकडे नेले. छाती, रक्त, सर्व ठीक आहे. "यांना झालेलं काही नाही, फक्त खायला घाला," असे डॉक्टर म्हणाले. इनांग म्हणाल्या, "माझं पोट भरलंय, डॉक्टर. शहाऐंशी वर्षं भरतेय मी ते." डॉक्टर हसले. मला हसण्यासारखे काही आढळले नाही.

माझे निरीक्षण असे की भूक मेलेल्या माणसाचे नाक इतके तत्पर असत नाही. ही भूक मेलेली नाही. ती अडवून धरलेली आहे.

२७ ऑगस्ट, रविवार

कादियोने कोंबडी पिशवीत घातली, परंतु पिशवी हातात दिली नाही.

"इंजिनियर, एक बोलू? रागवायचं नाही."

"बोला."

"मादामच्या जागरणाच्या तिसऱ्या रात्री तुम्ही सहा कोंबड्या मागवल्या. मी पाठवल्या. तेव्हापासून माझी बायको मला धुतेय. मयताच्या घरी कोंबडी पाठवतोस, म्हणे, लाज कशी नाही? मी म्हटलं, इंजिनियर शिकलेला माणूस, त्यांनीच मागवल्या. तर म्हणाली, ते शिकलेत म्हणून त्यांना कळत नाही. तू कुठे शिकलायस?"

समज मला ऐकून माहीत होता. कोंबडी जमीन उकरते, एक पाय, मग दुसरा; तशी प्रेत घरात असताना कोंबडी वाढली की त्या घरात एकामागून एक मरणे होतात, असे आमच्या तियाओंगात सगळेच मानतात. त्या रात्री मला तो आठवला नाही. शेवया संपल्या होत्या, माणसे येतच होती, आणि मला एवढेच सुचले की रेमेदियोसच्या दारातून कोणी उपाशी परत जाता कामा नये. कोंबड्या टेबलावर मांडल्या गेल्या. प्रेताजवळ रात्रभर जागण्यासाठी पत्ते खेळणाऱ्यांखेरीज त्यांना कोणी हात लावला नाही. शोकाकुल माणसाला कोणी काही बोलत नाही, म्हणून मलाही कोणी काही बोलले नाही. मी तो लोकांचा संकोच समजलो.

"आणि आता?" मी विचारले.

"आता इनांगनी म्हणे बायकांना सांगून ठेवलंय." कादियो इकडेतिकडे पाहत म्हणाला. "म्हणाल्या, या घरातून आणखी एक जायचंच असेल तर ते मी जाणार. दुसरीकडे कुठे वळायला नको. तुमच्या पोरीचे दिवस भरत आलेत ना..."

हा शुद्ध भ्रम आहे, असे मी कादियोला स्पष्ट शब्दांत सांगितले.

दुपारी आउरियाला दूरध्वनी करून दावावमधील हवामानाची चौकशी केली. चार वाजता पुन्हा केला, कारण पावसाविषयी विचारायचे राहिले होते. जेवणानंतर तिनेच केला आणि म्हणाली, "ताताय, इथे पाऊस नाही. आता झोपू का?"

२९ ऑगस्ट, मंगळवार

मी इनांगच्या दारावर टकटक केली आणि विचारले, "आपण मरायचे ठरवले आहे, हे खरे काय?"

"ठरवून कोण मरतं? नुसती तयारी करतेय. ये आत. दारात उभा राहू नकोस वसुलीला आल्यासारखा."

मी आत गेलो. त्या पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालीत होत्या. घड्या रेमेदियोसच्या कपड्यांच्या होत्या.

"इनांग, ही अंधश्रद्धा आहे."

"असेल. माझी आहे ना? तुला कुठे टोचते?"

"मरणाला काही क्रम नसतो. एका घरात कोंबडी वाढली म्हणून..."

"क्रम नसतो तेच म्हणते मी! क्रम असता तर मेदिंगच्या आधी मी गेले असते. मला रांगेत उभी ठेवून माझी लेक पुढे गेली, दोरो. आता परत कुणी मधे घुसायला नको. या खेपेला दाराशी मी बसलेय."

"आणि कोणी आलेच नाही तर?"

"तर तुझं खरं, माझं खोटं. तेवढं नशीब असू दे. पण पोराला न्यायला आलं, तर तू काय करणारेस? आकडे दाखवणारेस त्याला?"

मी मग खिडकीबाबत विचारले. "लाव," असे त्या थेट मला म्हणाल्या.

१ सप्टेंबर, शुक्रवार

माझ्या विनंतीवरून पाद्री घरी आले. त्यांनी इनांगना समजावले की जाणूनबुजून उपास काढून जीव देणे हे पाप आहे आणि कोंबडी हा देवाचा निरुपद्रवी जीव आहे. इनांगनी सर्व मान्य केले, त्यांना कॉफी दिली, त्यांच्या आईची प्रकृती विचारली. ते गेल्यावर वाटीतला भात जसाच्या तसा ठेवला.

"आपण तर होय म्हणालात," मी म्हणालो.

"पोरगेला आहे बिचारा. त्याला कशाला दुखवायचं?"

३ सप्टेंबर, रविवार

आज एक गोष्ट लक्षात आली आणि ती इतक्या उशिरा लक्षात यावी याचे वैषम्य वाटले. मी इतके दिवस निष्कर्षावर वाद घालीत आहे. गृहीतकाची पाहणी मी केलेलीच नाही. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. प्रत्येक तंट्यात प्रथम खुणेचा दगड शोधावा लागतो, भांडण नंतर. इथे खुणेचा दगड म्हणजे उकरणे.

कादियोला विचारले, "या कोंबड्या कुठून येतात?"

"कांदेलारियाच्या वाटेवर एक पोल्ट्री आहे, तिथून. का? वास येतोय का?"

"त्या मातीवर वाढतात काय?"

"छे. म्हणतात, उंचावर, प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या फरशीवर. खाली माती नाहीच. विष्ठा खाली पडते, कोंबड्या वर."

"तुम्ही पाहिले आहे?"

"मी कशाला बघू? माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना पायच नसतात, इंजिनियर."

घरी येऊन मी इनांगसमोर मुद्दा मांडला. जी कोंबडी अंड्यातून बाहेर पडल्यापासून मातीला लागलेलीच नाही, ती उकरणार काय? आणि जी उकरत नाही, ती मयताच्या घरी आली तर तिच्यामागून काय यावे?

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. 

"कुणी सांगितलं?"

"कादियोने."

"त्याने पाहिलं?"

"नाही. मी पाहून येतो."

"तू बघशील आणि तुला हवं ते येऊन सांगशील."

"न पाहिलेली एकही रेघ मी आयुष्यात नकाशावर काढलेली नाही, इनांग."

"ते मात्र खरं. मेदिंग त्याच्यानेच तर वैतागायची." त्यांनी पायांनी सपाता शोधायला सुरुवात केली. "मी येते. आज नाही, आज रविवार. बुधवारी."

६ सप्टेंबर, बुधवार

तीनचाकीने गेलो. इनांग मोटारसायकलला जोडलेल्या बाजूच्या डब्यात, मांडीवर छत्री घेऊन. मी चालकाच्या मागे. पोल्ट्रीच्या मालकीणबाईंनी आत जाऊ दिले नाही, कारण बाहेरच्या माणसाच्या पायांतून रोग जातो. परंतु जाळीबाहेरून पाहण्यास हरकत घेतली नाही. औषधाच्या पाण्यात माझे बूट बुडवून घेतले. इनांगनी आपल्या सपाताही स्वतःहून बुडवल्या.

शेड खांबांवर उभी आहे. फरशी पांढऱ्या पट्ट्यांची, पट्ट्यांमध्ये फटी. तिच्यावर इतक्या कोंबड्या की फरशी दिसण्यासाठी वाकावे लागते. सगळ्या पांढऱ्या, जाड, बहुतेक बसलेल्या.

"या उकरत नाहीत?" इनांगनी मालकीणबाईंना विचारले.

"कशाला उकरतील, लोला? खाणं तोंडाशी, पाणी तोंडाशी. या तर उठायचा पण कंटाळा करतात."

"अगं बाई. मग दिवसभर करतात तरी काय?"

"वाढतात."

"नुसत्याच?" इनांगनी जाळीला बोटे लावली. "माझ्या घरी एक तांबडी होती. माझं सगळं अंगण खणून काढायची ती. माझ्या नवऱ्याने शिव्या घातल्या तरी तिचे पाय थांबायचे नाहीत. आणि या बघ. कुणी शिव्या द्याव्यात इतकं पण काही करत नाहीत." त्या हसल्या. रेमेदियोसच्या आजारपणापासून मी त्यांना हसताना पाहिले नव्हते.

तेवढ्यात पाण्याच्या नळीजवळची एक कोंबडी उठली. तिने उजव्या पायाने पट्टीवर ओरखडा काढला. मग डाव्या पायाने. खाली काहीच नव्हते, फटीतून नुसती हवा. तरी मान खाली घालून ती त्या हवेत काहीतरी शोधत राहिली. पुन्हा उजवा. पुन्हा डावा.

मी अर्धे पाऊल डावीकडे सरकून उभा राहिलो. इनांगच्या डोळ्यांवर ऊन येत होते.

ही नोंद मी पूर्ण करणे भाग आहे. त्या बाजूने ऊन येत नव्हते. आकाश सकाळपासून ढगाळ होते.

"झालं बघून," इनांग माझ्या पाठीमागून म्हणाल्या. "चल."

परतीच्या वाटेवर त्यांनी डब्यातून मान बाहेर काढली. "दोरो, तू कधीपासून खोटं बोलायला लागलास?"

"मी काय खोटे बोललो?"

"नाही, नाही. बोलला काहीच नाहीस." त्यांनी मान आत घेतली. त्यापुढेही त्या काही म्हणाल्या, पण इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आले नाही. चालकाला ऐकू आले असावे, कारण तो हसला.

८ सप्टेंबर, शुक्रवार

चाळिसावा दिवस. सकाळी मी उठलो तेव्हा इनांग कपडे करून स्वयंपाकघरात बसल्या होत्या.

"कादियोला सांग, सहा पाठव."

"सहा?"

"तेव्हा किती होत्या? तेवढ्याच. आणि अख्ख्या. त्याच्या सुऱ्याला हात लावू देऊ नकोस."

कोंबड्या आल्या. इनांग खुर्चीत बसून सांगत होत्या आणि मी करीत होतो.

"आधी गवती चहा ओढून काढ. टाकू नकोस, उद्याच्या पेजेत जाईल. आता तंगडी धर आणि बाहेरच्या बाजूला पीळ. पीळ! विचारतोस काय तिला? हां. सांधा आपोआप सुटतो बघ. कातडी वरच्या बाजूला ठेव, एकीवर एक रचू नकोस, मऊ पडेल. अरे, अरे, पिशवीतला रस कुठे ओततोस? मोरीत? तो भातावर!"

मला भाजत होते. कोमट झाल्यावर करावे असे मी सुचवले. "गार झाली की मांस हाडाला धरून बसतं. गरम असतानाच सोडतं ते. फुंकर घाल आणि चालू ठेव," असे त्या म्हणाल्या.

प्रार्थनेनंतर गल्लीतली माणसे जेवायला बसली. टेबलाच्या मधोमध कोंबडीचे ताट होते. सगळ्यांनी शेवया घेतल्या, भात घेतला. ताटाजवळ हात यायचे आणि वळून जायचे. कुणीतरी खोकले. कादियो भिंतीकडे पाहत होता.

इनांगनी हात लांब करून एक मांडी उचलली. त्यांना दात थोडे आहेत. त्यांनी बोटांनी मांस सोडवले, भाताच्या घासात दाबले, आणि सावकाश चावून गिळले. मग दुसरा घास. सगळे पाहत राहिले.

"काय बघताय? खा की," त्या म्हणाल्या. "या कोंबड्यांनी माती बघितलेली नाही. पाय आहेत, पण उकरणं ठाऊक नाही. माझ्या जावयाने स्वतः जाऊन पाहिलंय. आणि माझा जावई न पाहिलेलं बोलत नाही, हे अख्ख्या तियाओंगला माहीत आहे. अर्ध्यांच्या जमिनी त्यानेच कमी करून दिल्यात."

हशा पिकला. पण कादियोची बायको हसली नाही. तिने थेट माझ्याकडे पाहिले. "खरंच, इंजिनियर? एकही उकरत नव्हती?"

इनांग माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या हाड चोखत होत्या. मला वाटते, चोखणे क्षणभर थांबले.

"एकही नाही," मी म्हणालो.

कादियोच्या बायकोने पंख उचलला. तिच्यामागून दुसरीने. थोड्याच वेळात ताटात गवती चहाची एक काडी तेवढी राहिली.

माझ्या हाताखालच्या कोणी असा अहवाल दिला असता तर मी तो फेटाळला असता. पाहुणे गेल्यावर त्या खोट्याबद्दल पश्चात्ताप होण्याची मी वाट पाहिली. तो झाला नाही. इनांगनी मात्र पुन्हा भात मागितला.

१७ सप्टेंबर, रविवार

पेज शिकलो. कोंबडीचा सांगाडा आले घालून उकळत ठेवायचा, आणि तांदूळ आधी आल्यालसणावर परतायचा. माझी पहिली पेज इनांगच्या मते भिंतीला लावण्याजोगी झाली होती. दुसरी त्यांनी दोनदा घेतली. डॉक्टरांनी त्यांचे वजन वाढल्याचे सांगितले. "आणि इंजिनियर, तुमचंही," असे ते म्हणाले. माझे घटले होते, हे मला ठाऊक नव्हते. इनांगना ठाऊक असावे, कारण त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "पट्ट्याला दोन भोकं नवी पाडली होती त्याने. चोरून. मी मोजत होते."

३ ऑक्टोबर, मंगळवार

आउरियाचा रक्तदाब वाढला. सकाळी तिला इस्पितळात ठेवले. जावयाचा आवाज फोनवर फार हळू येत होता.

दुपारी पाकसिव होती. उकळी येईपर्यंत मी ढवळले नाही. वाढून घेतल्यावर इनांगनी चमचा उचलला आणि परत ठेवला. त्यांची नजर दाराकडे होती. रिकाम्या दाराकडे कोणी अशा नजरेने पाहू शकते, हे मी पूर्वी पाहिले नव्हते.

मला बोलायचे होते ते असे: रक्तदाब हा वैद्यकीय विषय आहे. मी बोललो ते असे: "इनांग, तुम्ही गेलात तर मला ढवळू नको असे कोण सांगेल?"

त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिले. "तू कुठे खातोयस?"

मी खात नव्हतो, हे खरे होते.

"तू घे, मग मी घेते," त्या म्हणाल्या.

मी घास घेतला. त्यांनी घेतला. अशा रीतीने, एक माझा आणि एक त्यांचा, आम्ही ताट संपवले. चवीविषयी काही नोंद करता येत नाही.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

पहाटे मुलगा झाला. आउरिया सुखरूप आहे. मूल सुखरूप आहे. इनांगना सांगितले, तेव्हा त्यांनी दोनदा विचारले, "दोघंही?" मी दोनदा सांगितले. मग त्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतले. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. शेजारणीने हाक मारून विचारले, तेव्हा मी नुसता हात वर केला, आणि ती घाबरून धावत आली.

८ ऑक्टोबर, रविवार

मिस्सानंतर कोंबडी आणली. कादियोने गवती चहाविषयी विचारले नाही. मीच म्हणालो, राहू दे. घरी तंगड्या मी पिळून काढल्या, गरम असतानाच.

जेवताना आउरियाने फोनवर मूल दाखवले. चेहरा तांबडा, डोळे मिटलेले, आणि ओठांची सारखी हालचाल.

"भुकेला आहे," इनांग म्हणाल्या. त्यांच्या हातात मांडीचे हाड होते. ते त्यांनी फोनसमोर धरून मुलाला दाखवले. "बघ रे. दोरो, याला ही कधी देता येईल?"

"पेजेतून, अगदी मऊ करून, सहा-आठ महिन्यांत."

"पेजेतून नव्हे रे. अशी. हाडासकट, हाताने."

मी विचार केला. "हाडासकट म्हणजे मूल जाणते व्हावे लागेल. पाच वर्षांचे."

"पाच."

"कदाचित चार. आउरिया चौथ्या वर्षी खात असे, असे रेमेदियोस म्हणत असे."

इनांगनी हाड ताटात ठेवले आणि बोटे चाटली.

"पाच म्हणालास ना? मग पाचच धर. मला घाई नाही."

असे म्हणून त्यांनी ताटली पुढे केली. मी भात वाढला.